कोपरावरचं कोकण

पोट दुखत असलं तर ते तुमचं तुमच्यापाशी राहतं. इसब मात्र कोपरावर, चारचौघांत उघडा बसलेला असतो. तो दिसला रे दिसला, की मला खाज सुटायच्या आधी समोरच्याला सल्ल्याची सुटते. चांगला डॉक्टर कुणी सुचवत नाही. प्रत्येकाच्या पदरी एकेक झाड असतं. शेजारच्या काकूंचा कडुनिंब, ऑफिसातल्या मैत्रिणीची कोरफड, साडूंचं ऑलिव्ह. वर सगळ्यांची ग्वाही एकच : “लावून तर बघ, नॅचरल आहे!”

नॅचरल तर बिब्बाही आहे. तो अंगावर उतला की काय होतं, ते घरातल्या कुठल्याही आजीला विचारा. खाजकुइली तर शंभर टक्के सेंद्रिय! कोरफडीचा गर थंडावा देतो हे खरं, पण पान कापल्यावर सालीलगत पिवळा चीक पाझरतो. तो निथळू न देता पान तसंच चोळलं, तर आधीच चिडलेली कातडी आणखी पेटू शकते.

साडूंचं ऑलिव्ह दुबईहून आलेलं, त्यामुळे त्याचा मान मोठा. पण २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात लोकांच्या हातांना तेलं लावून पाहिली, तेव्हा ऑलिव्हनं त्वचेचं कुंपण ढिलं केलं आणि सूर्यफुलानं ते शाबूत ठेवलं. म्हणजे ज्यात आम्ही पुऱ्या तळतो, त्या तेलानं बाजी मारली. साडूंना हे अजून सांगितलेलं नाही. नाती त्वचेहून नाजूक असतात.

मॉइश्चरायझर त्वचेला पाणी पाजतं असं नाही. आतलं उडून जाऊ नये म्हणून त्यातलं तेल वरून झाकण घालतं. म्हणूनच ते आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच लावायचं. आमच्याकडे दाराची बेल नेमकी तेव्हाच वाजते.

माझं झाकण कोकमाचं. कोकणात कोकमाच्या बिया वाळवून, फोडून, कुटून पाण्यात उकळतात. वर आलेलं तेल निवलं की मुठीत दाबून त्याचा गोळा करतात. हे मुठेल. माझ्या गोळ्यावर कुणा अनोळखी बाईची चार बोटं स्वच्छ उमटलेली आहेत. खोलीत तो दगड असतो. कोपरावर घासत राहिलं की अंगाच्या उबेनं कडेकडेनं पाघळतो. त्याला सुवास नाही, आणि हाच त्याचा गुण. भडकलेल्या कातडीला अत्तर सोसत नाही. पिढ्यान्पिढ्या टाचांच्या भेगांत जिरलेला हा गोळा हल्ली ‘कोकम बटर’ होऊन काचेच्या डबीत बसतो आणि टाचेला ओळख देत नाही.

अर्थात आग विझवली ती डॉक्टरांच्या मलमानं. मुठेलानं नंतरची राखण केली. काकूंना हा हिशेब मान्य नाही. त्यांच्या मते गुण कडुनिंबाचाच. तो मी लावलाच नाही, असं म्हटलं तर म्हणाल्या, “लावायला कशाला हवा? आमच्या दारातला आहे, नुसता वारा लागला तरी पुरतो.”