कंपायलरची वयचोरी

आपण कोणत्या सालचं प्रमाण पाळतो, हे सी++चा कंपायलर एका ठरावीक मॅक्रोतून सांगतो. निदान सांगावं, अशी अपेक्षा असते. मायक्रोसॉफ्टचा कंपायलर मात्र वर्षानुवर्षं १९९७११ हाच आकडा पुढे करत आला आहे. म्हणजे नोव्हेंबर १९९७! अंगात सी++१७ मुरलेलं, पण कागदोपत्री गडी सी++९८चाच. खरं उत्तर हवं असेल तर वेगळा स्विच द्यायचा, आणि तो स्विचही आला २०१८ साली. तोही आपणहून चालू होत नाही, कारण खरं बोललं की जुना कोड मोडतो.

जीसीसी या दुसऱ्या कंपायलरच्या ४.८ आवृत्तीची तऱ्हा उलटी. रेजेक्सची हेडर फाइल हजर, कोड बिनतक्रार कंपाइल होणार, आणि चालवला की तोंडघशी. पुरं काम ४.९मध्ये झालं.

बिल्डआधी कंपायलरची चाचपणी करणारा ऑटोकॉन्फ म्हणूनच कोणाच्या शब्दावर विसंबत नाही. 'कॉन्फटेस्ट' नावाची चिमुकली फाइल लिहून तो कंपायलरपुढे टाकतो. गिळली तर पास. अर्थात, रेजेक्सची वरची लबाडी नुसतं कंपाइल करून सापडली नसतीच.

बिल्डची मांडणी करणारा सीमेक मात्र भलताच भिडस्त. सी++१७ मागितलं आणि कंपायलरला जमत नसलं, तर तो गुपचूप जुन्या प्रमाणावर उतरतो. ओरड नाही, एरर नाही. तेव्हा मंडळी, प्रमाणाचा आकडा लिहिलात की त्याच्याच खालच्या ओळीत 'रिक्वायर्ड' ऑन करा.