व्हीटेक काका

ज्याच्या दारात गाडी आहे त्याला गाडीतलं फारसं कळत नसतं. त्याला ती चालवायची असते, धुवायची असते, तिचे हप्ते फेडायचे असतात. वाचायला बिचाऱ्याला वेळ कुठला? खरं ज्ञान साठतं ते गाडी न घेणाऱ्याकडे. न्यू जर्सीतल्या आमच्या एडिसनमध्ये ते सगळ्यात जास्त व्हीटेक काकांकडे साठलं आहे, आणि ते वाटायला काकांची कधीच ना नसते.

नाव मंडळातल्या पोरांनी ठेवलं. होंडाच्या काही इंजिनांत फेरे एका हद्दीपलीकडे गेले की व्हॉल्व्ह उघडणारे कॅम बदलतात. जास्त उंचीचे कॅम कामाला लागतात आणि इतका वेळ गुमान चाललेलं इंजिन एकदम किंचाळायला लागतं. या करामतीला व्हीटेक म्हणतात. काकांनी ती महाप्रसादाच्या रांगेत समजावली आहे, मुंजीत समजावली आहे, एका घरी समाचाराला गेले असताना तिथल्या थोरल्या मुलालाही समजावली आहे. त्या मुलाने, आश्चर्य म्हणजे, दोन प्रश्नही विचारले.

तर काकांना जुनी होंडा एस २००० घ्यायची आहे. मी न्यू जर्सीत आलो तेव्हाही घ्यायची होती. माझी मुलगी आता कॉलेजात जाईल, तरी घ्यायचीच आहे.

दोन माणसांची, कापडी छपराची, मागच्या चाकांना ताकद देणारी ही गाडी होंडाने १९९९ मध्ये आणली आणि २००९ मध्ये बंद केली. पहिल्या आवृत्तीचं इंजिन अवघं दोन लिटरचं. पण टर्बो वगैरे काही न लावता त्यातून २४० अश्वशक्ती काढलेली, आणि तांबडी रेघ मिनिटाला ९,००० फेऱ्यांवर. घरगुती गाड्या सहा-साडेसहा हजारांवरच हात जोडतात. अमेरिकेत ती नवी मिळायची साधारण ३२,००० डॉलरला. काकांनी तेव्हा विचार केला, जरा जुनी होऊ द्या, स्वस्त होईल. झालीही. मग विचार केला, अजून थोडी होऊ द्या. तेवढ्यात ती बंद झाली, लोकांना तिची किंमत कळली, आणि आज कमी पळालेली, नीट ठेवलेली एस २००० नव्याच्या भावाच्याही वर जाऊन बसली आहे. काका हा सगळा आलेख हवेत बोटाने काढून दाखवतात, अगदी तटस्थपणे. त्यात आपलं काही गेलंय असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत नाही.

लोक त्यांना चिक्कू म्हणतात. मला पटत नाही. चिक्कू माणूस किंमत ऐकून मागे सरतो. काका किंमत परवडली की मागे सरतात. याचं मूळ सांगलीत आहे. काकांच्या वडिलांनी स्कूटर नोंदवली तो काळ असा की नंबर लागायला आठ-आठ, दहा-दहा वर्षं थांबावं लागे. तेवढ्या वर्षांत घरात स्कूटरचा रंग ठरला, ती कुठल्या भिंतीला लावायची ते ठरलं, पुढे कोणत्या भावाने उभं राहायचं यावरून मारामाऱ्या होऊन तह झाले. शेवटी स्कूटर आली आणि पहिल्याच आठवड्यात प्लग गेला. काका अजून सांगतात, "नंबर लागायच्या आधी ती एकदाही बंद पडली नव्हती."

एस २०००वर येण्याआधी काकांनी बाकीचं जपान पालथं घातलं. माझदाच्या आरएक्स-७वर दोन हिवाळे गेले. तिच्या इंजिनात पिस्टनच नाहीत. त्रिकोणी रोटर गरगरतो, आणि त्याच्या तीन टोकांना ज्या बारीक पट्ट्या असतात, अपेक्स सील, त्या झिजल्या की इंजिन उघडावं लागतं. शिवाय ते थोडं ऑइल जाळतं, आणि ते बिघाड म्हणून नव्हे, मुळात तशीच रचना म्हणून. असली एक झिजलेली पट्टी काकांनी कुठूनशी मागवली. ती त्यांच्या पाकिटात असते, इन्शुरन्स कार्डाच्या मागे. गाडी नाही, पण सील आहे. मग टोयोटा सुप्रा. तिचं इंजिन बिडाचं, कितीही छळा, मुकाट सोसणार. पण २००१ च्या 'द फास्ट अँड द फ्युरियस'ने तिला डोक्यावर बसवलं, आणि त्या सिनेमातली नारिंगी सुप्रा २०२१ मध्ये लिलावात साडेपाच लाख डॉलरला गेली. काका म्हणाले, "सुटलो."

पण खरी बहार होती निसान स्कायलाइन जीटी-आरची, आर-३४ची. ती अमेरिकेत कधी विकलीच नाही, आणि इथल्या नियमांत न बसणारी परदेशी गाडी २५ वर्षांची झाल्याशिवाय सहजासहजी आणता येत नाही. वाट बघायची आणि तीही सरकारी हुकमाने! काकांसाठीच केलेला कायदा. १९९९ च्या पहिल्या आर-३४ साठी २०२४ उजाडावं लागणार होतं, आणि तोवर काका निर्धास्त होते. जपानी लिलावाच्या तक्त्यावर साडेचार गुण म्हणजे काय, आर म्हणजे अपघातातून दुरुस्त केलेली कशी, सगळं मुखोद्गत. उजव्या बाजूचं स्टिअरिंग? "सांगलीत तेच शिकलोय." २०२४ उजाडलं तसा काकांचा चेहरा उतरला. आता नाही म्हणायला कायदाही उरला नव्हता. सुदैवाने भाव तोवर आभाळाला टेकले होते.

राहता राहिली एस २०००. तिच्यात पुन्हा दोन पोटजाती: एपी१ आणि एपी२. २००४ पासून अमेरिकेत इंजिन २.२ लिटरचं झालं, फेरे आठ हजारांच्या आसपास उतरले, आणि मागची चाकं जरा शहाणी झाली; आधीच्या गाडीत ओल्या वळणावर पाय चुकला की मागचा भाग पुढे यायला बघतो. काकांनी या वादाचा निकाल एका वाक्यात लावला आहे: "एपी१ मध्ये जीव आहे, एपी२ मध्ये जीव वाचतो." आणि मग दोन्हींपैकी कोणतीच घेतली नाही.

तयारी मात्र जय्यत. गॅरेजच्या फरशीवर निळी टेप चिकटवून गाडीच्या मापाचा आयत आखलेला आहे. शेजारी ट्रेडमिल, फळीवर गणपतीचं मखर, आणि मधे ही रिकामी गाडी. काकूंनी एकदा वाणसामान आणून तिथे टेकवलं तर काका आतून ओरडले, "अगं, तांदळाचं पोतं बॉनेटवर ठेवलंस!" न्यू जर्सीत स्वतः गॅस भरायला कायद्याने मनाई आहे, पंपावरचा माणूसच भरतो. त्याने नळी काढताना रंगावर थेंब सांडला तर? काकांनी तोडगा काढून ठेवलाय: भरायला पेनसिल्व्हेनियात जायचं. स्वतः ते सिएना चालवतात आणि टर्नपाइकवर ६५ ची मर्यादा असेल तिथे ६३ वर असतात.

आणि मागच्या वसंतात अॅलनटाउनमध्ये एक गाडी निघाली. चंदेरी, २००२ ची, एका निवृत्त डेंटिस्टची. काकांनी मला बरोबर घेतलं. काकू आल्या, कारण वाटेत त्यांना दुकानात कपडे परत करायचे होते.

काकांनी आदल्या रात्री फोन करून बजावलं होतं की आम्ही येईपर्यंत इंजिन चालू करू नका. पोचल्या पोचल्या, नमस्कार-चमत्काराच्याही आधी, त्यांनी पालथा हात बॉनेटवर ठेवला, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. "थंड आहे," ते मला मराठीत म्हणाले. गार इंजिन सुरू होताना जे खडखडतं ते गरम इंजिन लपवतं. मग पिशवीतून टॉर्च निघाला, गुडघ्याखाली घ्यायची फोमची पट्टी निघाली, रंगाची जाडी मोजायचं यंत्र निघालं. माझ्या हाती लोहचुंबक. जिथे चिकटणार नाही तिथे पुट्टी भरलेली, एवढं मला ठाऊक होतं. बॉनेटला लावलं, चिकटलं नाही. दुसरीकडे लावलं, तरी नाही. "काका, अख्खं बॉनेट पुट्टीचं!"

"अरे, अॅल्युमिनियमचं असतं ते," काका गाडीखालून म्हणाले.

तासभर तपासणी चालली. दारं, फेंडर, डिकी, प्रत्येक पत्र्यावर कारखान्यातून लागलेलं गाडीच्या नंबराचं स्टिकर असतं. एक नसलं तरी तो पत्रा बदललाय समजायचं. सगळी जागच्या जागी होती. ऑइल स्वच्छ. टायर चारही एकाच जातीचे. छपराला चीर नाही. डेंटिस्टसाहेबांनी पहिल्या दिवसापासूनच्या पावत्यांची फाइल आणून दिली, तारीखवार लावलेली. काका यादीतल्या एकेका ओळीपुढे बरोबरची खूण करत गेले आणि तसतसा त्यांच्या कपाळावर घाम साचत गेला. दोष असलेली गाडी नाकारायला त्यांना आयुष्यात कधी जड गेलं नव्हतं.

मग चालवून बघणं. काका बसले, शेजारी मालक. चार मैलांचा फेरा मारून आले. "किती नेली?" मी विचारलं.

"साडेपाच हजार."

व्हीटेक लागतो सहा हजारांच्या आसपास. म्हणजे आयुष्यभर ज्याचं कीर्तन केलं त्याच्या दारातून काका परत आले होते. "परक्याची गाडी आहे रे," ते म्हणाले, आणि रुमालाने गिअरची मूठ पुसली.

तेवढ्यात काकू म्हणाल्या, "मी बघू का हो जरा?"

काकू कोल्हापूरच्या. मारुती ८०० वर शिकलेल्या, तीही आंबा घाटात. काका काही बोलायच्या आत त्यांनी सीट पुढे ओढली, पर्स मालकांच्या मांडीवर दिली आणि तांबडं बटण दाबलं. गाडी दोघांचीच, त्यामुळे काका आणि मी दारात उभे. गाडी कोपऱ्यावर वळून दिसेनाशी झाली. नंतर नुसता आवाज. तो आधी खाली घुमत राहिला, मग झाडांपलीकडून एकदम सूर बदलून वर चढला.

"सहा," काका म्हणाले. त्यांनी माझं मनगट धरलं होतं. "सात... आठ... अगं बदल, बदल आता, गिअर बदल..." मनगट दुखायला लागलं. "नऊ."

काकू परतल्या तेव्हा मालक हसत होते आणि पर्स त्यांनी छातीशी धरली होती. "आवाज छान आहे," काकू म्हणाल्या. "सीट फार खाली आहे, पण होईल सवय." मालक खूश होऊन म्हणाले, असंच चालवणारं माणूस हवं होतं मला या गाडीला, आणि आपणहून हजार डॉलर उतरवले. काकांकडे बघण्यासारखं होतं. पळवाटा एकेक करून बंद होत होत्या.

"विचार करून सांगतो," ते म्हणाले.

परतीच्या वाटेवर डेलावेअर नदी ओलांडेपर्यंत सिएनात कुणी बोललं नाही. मग काकू म्हणाल्या, "घेऊन टाकू की. मीच नेत जाईन ऑफिसला."

"ऑफिसला?" काकांचा आवाज चिरकला. "थंडीत? रस्त्यावर मीठ टाकतात ते?"

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. "नाही घेत रे."

"का? सगळ्या ओळींवर खुणा होत्या की."

"कागदोपत्री उत्तम आहे. पण वापर बघायला हवा ना, कशी चालवली आहे ते. मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय, एका बाईने ती गाडी खुशाल नऊ हजारांपर्यंत ताणली आहे. आता अशी गाडी जाणूनबुजून..."

मागून काकूंचा आवाज आला, "कोण बाई?"