साहेब दोन टक्क्यांत आले!

गणपतीचे फ्लेक्स उतरले की मेडिकल कॉलेजांचे चढतात. 'जगातील अव्वल 2 टक्के शास्त्रज्ञांमध्ये आमच्या सरांची निवड! स्टॅनफर्ड विद्यापीठ, अमेरिका.' एप्रनमधला हसरा फोटो, आणि खाली शुभेच्छुक म्हणून विभागातले तमाम रेसिडेंट. (शुभेच्छुकांचा क्रम सरांच्या पेपरवरच्या लेखकांच्या क्रमापेक्षा बहुधा जास्त प्रामाणिक असतो.)

स्टॅनफर्डमध्ये कुणी टेबलाभोवती बसून सरांना निवडलेलं नसतं. तिथले डॉ. जॉन आयोनिडिस आणि त्यांचे सहकारी 'स्कोपस' नावाच्या माहितीसाठ्यातून कुणाच्या पेपरचा कितीदा उल्लेख झाला ते मोजतात आणि दोन लाखांवर नावांची यादी जाहीर करतात. प्रसिद्ध होणारे बहुसंख्य संशोधन-निष्कर्ष खोटे असतात, असा गाजलेला लेख 2005 मध्ये लिहिणारे आयोनिडिस ते हेच. एवढ्या मोठ्या फ्लेक्सवर ही एक ओळ मात्र कधी मावत नाही.

त्याच 2005 साली कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी एच-इंडेक्स काढला. सरांचा एच-इंडेक्स 30, म्हणजे सरांचे 30 पेपर असे, की त्यातल्या प्रत्येकाचा उल्लेख किमान 30 वेळा झाला. इतरांनी केला, हा आपला भाबडा समज. स्वतःच केला तरी मोजणारं यंत्र सहसा हरकत घेत नाही. या आकड्याचे गंभीर दुष्परिणाम होऊ शकतात, असं पुढे 2020 मध्ये खुद्द हिर्शनीच लिहिलं. तोवर पंधरा वर्षांच्या बढत्या होऊन गेल्या होत्या.

2024 मध्ये अमेरिकेतल्या रीस रिचर्डसन या संशोधकाने आजीच्या लॅरी नावाच्या बोक्याला लेखक करून गणिताचे 12 निरर्थक पेपर नेटवर टाकले. त्यांचे दाखले देणारे तसलेच आणखी पेपर टाकले. गूगल स्कॉलरने इमानेइतबारे बेरीज केली: सायटेशन, म्हणजे दाखले, 132; एच-इंडेक्स 11. आमच्या ओळखीच्या एका सहयोगी प्राध्यापकांनी ही बातमी वाचून विचारलं, 'किती दिवसांत झालं म्हणालात?'

प्राण्यांना विज्ञानात जुना मान आहे म्हणा. रोगप्रतिकारशास्त्रज्ञ पॉली मॅट्झिंगर यांच्या 1978 च्या पेपरवर सहलेखक म्हणून त्यांच्या अफगाण हाउंडचं नाव आहे, गॅलाड्रियल मर्कवुड. कुत्र्याने प्रयोगात लुडबुड केली नाही आणि नंतर परिषदेत भाषणही ठोकलं नाही. अशा सहलेखकाला आपल्याकडे विभागप्रमुख करतील. इथे पेशंट तपासतो रेसिडेंट, रेकॉर्ड रूममधून धुळीच्या फायली उपसतो रेसिडेंट, आकडेमोड करतो त्याचा कम्युनिटी मेडिसिनमधला मित्र. सर पेपर वाचतात तो छापून आल्यावर, तोही फक्त स्वतःच्या नावाचं स्पेलिंग बघायला.

'व्यापक सहकार्य' म्हणून बायोडाटात जे मिरवलं जातं ते पुष्कळदा आहेराच्या वहीवर चालतं. तुमच्याकडून दोन सायटेशन आली, नोंद झाली. तुमच्या घरी कार्य निघालं की दोनाची अडीच करून परत. मग काय, बालरोगाच्या पेपरात भूलतज्ज्ञ दिसतात आणि त्वचारोगाच्या पेपरात डीनसाहेब.

खरं सहकार्य असतंच. करोनाकाळातल्या शस्त्रक्रियांवर 2021 मध्ये आलेल्या एका पेपरला 15,025 लेखक होते. गिनेसने विक्रम नोंदवला. देशोदेशीच्या डॉक्टरांनी आपापल्या वॉर्डात खपून ती माहिती गोळा केली होती. पण मोजणीची रीत बघा. एच-इंडेक्समध्ये पंधरा हजारांतल्या प्रत्येकाला पूर्ण सायटेशन मिळतं आणि एकट्याने दहा वर्षं घासून पेपर लिहिणाऱ्यालाही तेवढंच.

यंत्राला सूरही कळत नाही. एमएमआर लशीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवणारा अँड्र्यू वेकफिल्ड यांचा पेपर 'लॅन्सेट'ने 1998 मध्ये छापला आणि 2010 मध्ये मागे घेतला. त्याची सायटेशन हजारावर आहेत, आणि बहुतेकांत 'हे चूक होतं' असंच लिहिलं आहे. शिव्या आणि ओव्या एकाच खात्यात जमा!

दुसरीकडे दिल्लीचे सर्जन समीरन नंदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये देशातल्या 579 वैद्यकीय संस्थांच्या संशोधनाचा दहा वर्षांचा हिशेब मांडला, तेव्हा 332 संस्थांतून एकही पेपर निघालेला नव्हता. यावर आपला तोडगा काय? बढतीला पेपर हवाच, मग तो कसाही येवो. त्यामुळे पैसे घेऊन आठवड्यात छापून देणारी जर्नलं फोफावली. पुण्याच्या भूषण पटवर्धन यांनी सहकाऱ्यांसह विद्यापीठांनी यूजीसीकडे शिफारस केलेल्या जर्नलांची छाननी केली, त्यात 88 टक्के निकषांवर नापास झाली.

आता आकड्यांचा हा खेळ सोडून महाडला या. विंचूदंशाचे रुग्ण शेकड्यात पंचवीस-तीस दगावत, त्या काळात डॉ. हिंमतराव बावस्कर कोकणातल्या सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब टिपत राहिले. रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध त्यांनी वापरून पाहिलं, 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं, आणि पुढे हे मृत्यू अगदी मोजके उरले. विंचू चावतो भाताच्या पेंढ्या उचलणाऱ्या मजुराला. बॉस्टनच्या प्रयोगशाळेत तो कुणाला चावत नाही, त्यामुळे तिथून दाखल्यांचा पूर यायचा नाही. वाचलेला मजूर पेपर लिहीत नाही आणि दाखलाही देत नाही. यंत्राच्या हिशेबी तो नाहीच.

तेव्हा वाचकहो, यंदाच्या फ्लेक्सवर आपले डॉक्टर दिसले तर अभिनंदन जरूर करा. पण संमतीपत्रावर सही करण्याआधी एवढंच विचारा, की ही शस्त्रक्रिया तुम्ही किती वेळा केली आणि त्यातले किती पेशंट धड घरी गेले? एच-इंडेक्स विचारायची गरज नाही. तो ते आपणहून सांगतील.