मी काही बघत नाही हं!

लालबागच्या चाळीत टीव्ही न बघणारा माणूस लगेच ओळखू येतो. तो दारात उभा असतो. पाठ चौकटीला टेकलेली, पाय गॅलरीत, हातात सकाळचा पेपर आणि मान मात्र खोलीकडे वळलेली. बेस्टमधून रिटायर झालेला, पट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी, वर गंजी. चाळ त्याला अण्णा म्हणते. प्रत्येक मजल्यावर असा एक तरी सापडतो. कुठे तो नाना असतो, कुठे भाऊ. वाक्य सगळ्यांचं एकच : "मी काही बघत नाही हं, यांचं चाललंय."

"यांचं" म्हणजे वहिनींचं. एरवी हे न बघणं संध्याकाळी सातनंतर सुरू होतं. दिवाळीच्या सुट्टीत मात्र ती दिवसभराची ड्युटी होते. डोंबिवलीची बहीण पोरांना घेऊन माहेरी आलेली, 10 बाय 15 च्या खोलीत आठ माणसं, कपाटावर टीव्ही आणि खाली पसरलेल्या पेपरांवर करंज्या. एवढ्याशा जागेत टीव्हीकडे न बघणं हे येरागबाळ्याचं काम नाही. अण्णांनी ते वर्षानुवर्षं साधलंय.

अण्णा "काय झालं?" असं कधी विचारत नाहीत. ते चिडतात. "काय हा बावळटपणा! जिला गेल्या मंगळवारी घराबाहेर काढली, तिच्याच हातात आज तिजोरीच्या चाव्या?" वार अचूक असतो. वहिनी मान वर न करता म्हणतात, "मंगळवारी नाही, सोमवारी." अण्णा पेपरात बघून म्हणतात, "सोमवारी नुसतं भांडण झालं. काढली मंगळवारी." यावर अपील नसतं. दोन मालिकांचा महासंगम असला की कोणाची जाऊ कोणाची मावसबहीण हे बहिणीला तेच समजावून सांगतात, अर्थात कपाळाला आठ्या घालून.

'चार दिवस सासूचे' 2001 पासून 2013 पर्यंत चालली, तीन हजारांवर भाग झाले. त्या सगळ्या वर्षांत अण्णा रोज "बंद करा ते" म्हणत आले. रोहिणी हट्टंगडींच्या सासूबाईंनी एकदाचा निरोप घेतला, तर त्यानंतर आठवडाभर त्या वेळेला अण्णांना घरात करमेना. गणेश गल्लीपर्यंत उगीचच फेऱ्या.

मुळात हा माणूस असा नव्हता. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं. त्यानंतर पुष्कळ वर्षं चाळीच्या एका मजल्यावर एखादाच संच असे. शनिवारच्या मराठी पिक्चरला, गुरुवारच्या छायागीताला हेच अण्णा पहिल्या रांगेत मांडी ठोकून बसत, जागेवरून मारामाऱ्या करत. 1987 मध्ये रविवार सकाळचं 'रामायण' आलं, तेव्हा तर आंघोळ करून बसत. पुढे खासगी वाहिन्या आल्या, मालिका रोजच्या झाल्या आणि देवघरातून स्वयंपाकघरात शिरल्या. त्या दिवसापासून पुरुषमंडळी उठून दारात गेली. माझं स्पष्ट मत आहे की त्यांचा एकही भाग चुकला नाही.

करंज्यांच्या वेळी मात्र भांडं फुटतं. वहिनी लाटतात, बहीण सारण भरते आणि "नुसते उभेच आहात तर हे तरी करा" म्हणून कातणं अण्णांच्या हातात येतं. चार करंज्यांना सुरेख नक्षीदार कड पडते. पाचवीच्या वेळेला पडद्यावर पोलीस सुनेला पकडायला येतात. कातणं कडेवरून घसरतं, पोटावरून फिरतं आणि ती करंजी तेलात जाऊन फुटते. खोबरं जळाल्याचा वास अख्ख्या मजल्यावर. "पीठ सैल मळलंय तुम्ही," अण्णा म्हणतात.

'अशी ही बनवाबनवी'चा अपवाद. सुट्टीत तो लागतोच, आणि लागला की अण्णा पेपर घडी करून खाली बसतात. "हा बघण्यासारखा आहे." पिक्चर 1988 चा. तेव्हापासून इतका पाठ झालाय की अशोक सराफांच्या आधी संवाद अण्णाच म्हणून टाकतात. पोरांना सगळा सिनेमा दोनदा ऐकावा लागतो. भाड्याच्या खोलीसाठी दोन पोरं साड्या नेसतात, यात अण्णांना अतिशयोक्ती अजिबात दिसत नाही. चाळ पुनर्विकासाला जायची चर्चा ज्याने निम्मं आयुष्य ऐकली, त्याला ती कशी दिसावी?

पिक्चरला जायचं ठरलं की म्हणतात, "मी पोरांना सोडायला येतो फक्त." 2023 च्या दिवाळीत 'नाळ भाग 2' आला होता, तेव्हाही असंच सोडायला गेले. तिकिटं स्वतःच आदल्या दिवशी काढलेली, त्यात स्वतःचं धरून. आत उशिरा आलेला एक प्रेक्षक पुढ्यात उभा राहून जागा शोधत होता, "अहो, बसा खाली, दिसत नाहीये!" हा आवाज कोणाचा, हे अंधारातसुद्धा सगळ्या मजल्याने ओळखलं. मध्यंतरात भाचा म्हणाला, "मामा, तू तर बघत नाहीस ना?" अण्णा वडा आणायला निघून गेले.

तुमच्या घरी असा कोणी असेल तर एक विनंती आहे. त्याला खुर्ची देऊ नका. बसला की 'बघतोय' असा अर्थ होतो आणि तो बिचारा उठून जातो. हातातला पेपर कालचा असला तरी काढून घेऊ नका. आणि जाहिराती लागल्या म्हणून आवाज बारीक करू नका. गॅलरीच्या टोकाला गेलेल्या माणसाला परत कधी यायचं, हे त्यावरूनच कळतं.