हमखास सिस्टर व्हा : घाईतल्या नवशिक्यांसाठी

बी.एस्सी. नर्सिंगला चार वर्षं, जीएनएमला तीन. तेवढ्या काळात माणसाचं लग्न होऊन मूल बालवाडीत जातं. तुमची घाई आम्हाला कळते. खालच्या पायऱ्या क्रमानं चढा. एखादी गाळलीत तरी चालेल, गाळणं हाच या अभ्यासक्रमाचा गाभा आहे.

१. अमेरिकेच्या जाहिरातींना भुलू नका. दुसऱ्या विषयाची पदवी असेल तर तिथं साधारण ११ ते १८ महिन्यांत नर्सिंगची पदवी मिळते, हे खरं आहे. पण आत शिरल्यावर कळतं, की शरीररचना, सूक्ष्मजीवशास्त्र वगैरे आधीच उरकून यायचं असतं आणि वेळ वाचवतात तो सुट्ट्या कापून. वॉर्डातले तास तसेच्या तसे! याला काय झटपट म्हणायचं? त्यापेक्षा फ्लोरिडाचा आदर्श ठेवा. तिथल्या तीन संस्थांनी ७,६०० हून अधिक पदविका आणि गुणपत्रकं सरळ विकली, भाव साधारण १० ते १५ हजार डॉलर. जानेवारी २०२३ मध्ये सरकारनं हे उघड केलं आणि कारवाईला नाव दिलं 'ऑपरेशन नाइटिंगेल'. घेणाऱ्यांपैकी सुमारे २,४०० जण परवान्याची परीक्षा पासही झाले होते. संगणकावरच्या प्रश्नाची शीर शोधावी लागत नाही, हा मुद्दा लक्षात ठेवा.

२. कॉलेज फोनवरच ठरवा. "सर, नॉन-अटेंडिंग आहे का?" एवढंच विचारा. "ताई, तुम्ही फक्त परीक्षेला या, बाकीचं आम्ही बघतो," असं उत्तर आलं की पैसे भरा. इमारत बघायला जाऊ नका. नियमानं १०० खाटांचं रुग्णालय असायला हवं तिथं खाली कापडदुकान आणि वर टायपिंगचा क्लास दिसला, तर उगाच मन खट्टू होतं. आणि तपासणीची धास्ती सोडा. मध्य प्रदेशात हायकोर्टाच्या आदेशावरून सीबीआयनं नर्सिंग कॉलेजं तपासायला घेतली, तर मे २०२४ मध्ये कॉलेजांना 'योग्य' ठरवण्यासाठी लाच घेतल्यावरून सीबीआयला आपल्याच इन्स्पेक्टरला अटक करावी लागली. माणसं सगळीकडे समजूतदार असतात.

३. हजेरी. परीक्षेला बसायला ८० टक्के, आणि पदवी हातात पडण्याआधी प्रात्यक्षिकांची १०० टक्के, असं नर्सिंग कौन्सिल म्हणतं. घाबरू नका. ८० पेक्षा १०० लिहायला एकच आकडा जास्त लागतो.

४. जर्नल मैत्रिणीचं उतरवा, पण डोळे उघडे ठेवून. केलेल्या प्रसूतींच्या नोंदी लिहिताना बाळांची वजनं तरी बदला. आईच्या रकान्यात 'श्री.' पडणार नाही एवढं बघा.

५. टीपीआर चार्ट चहाच्या वेळी एका बैठकीत भरून टाका. ताप ९८.४, नाडी ७८, श्वास २०, खाली ओढत जा. श्वास मोजायचा तर रुग्णाच्या छातीकडे पूर्ण मिनिटभर बघत उभं राहावं लागतं. तेवढ्या वेळात सहा खाटा भरून होतात.

६. आता सलाईन. कॅन्युलाचे रंग पाठ करा: हिरवा १८, गुलाबी २०, निळा २२, पिवळा २४. आकडा वाढेल तशी सुई बारीक होते. गोंधळ झाला तर युनिफॉर्मला शोभेल तो रंग घ्या. पट्टा बांधा, शीर चाचपा, स्पिरिट लावा, टोचा. मागच्या चिमुकल्या कप्प्यात रक्त आलं की शिकलेली सिस्टर तिथंच थबकते, कोन खाली घेते, केसभर पुढे जाते, मग सुई धरून नुसती नळी आत सरकवते. तुम्ही थबकू नका. आनंदाच्या भरात पुढे रेटा, म्हणजे शिरेची पलीकडची भिंतही बघून होते. हात फुगला की चेहऱ्यावर किंचित नाराजी आणा आणि म्हणा, "आजी, तुमच्या शिराच फार बारीक आहेत हो." आजी माफी मागतील. चार वर्षांच्या शिक्षणाची बरीचशी भरपाई हे एक वाक्य करतं. तिसऱ्या टोचणीला नातेवाईक उठून उभा राहिला, की जुन्या सिस्टरना हाक मारा. त्या येतील, आजींचा हात खाटेखाली लोंबता सोडतील, नातवंडांची चौकशी करत बसतील आणि बोलता बोलता लावून टाकतील. ते बघू नका. सवय लागायची.

थेंबांचंही तसंच. ५०० मिली चार तासांत द्यायचंय आणि सेट २० थेंबांना एक मिलीचा असेल, तर मिनिटाला साधारण ४२ थेंब येतात. गणित करणारी करो बापडी. तुम्ही चाक फिरवा आणि दिसायला बरं दिसलं की पुढच्या खाटेकडे निघा.

७. चांगल्या नर्सचे गुण कोणते, असं मुलाखतीत विचारलं तर 'सेवाभाव' म्हणा आणि हात जोडा. भलतं बोलू नका. रोज सकाळी चहा पाणचट आहे म्हणून भांडणाऱ्या सात नंबरच्या आजी आज गप्प का, असं वाटून इनचार्ज सिस्टरनं शुगर तपासली आणि ती घसरलेली निघाली, असले प्रकार वॉर्डात होतात. दर दोन तासांनी कूस बदलल्यामुळे ज्याला बेडसोअर झाला नाही, तो तर आभारही मानत नाही, कारण न झालेली जखम कुणाला दाखवणार? यातलं काहीच आपल्या पॅकेजमध्ये नाही, तेव्हा ते महत्त्वाचं नसणार.

८. शपथविधीला मात्र जातीनं जा. हातात दिवा, डोक्यावर टोपी, फोटो झकास येतो. कुणी टोकलंच, तर सांगा की लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात १८६० साली नाइटिंगेलबाईंची शाळा निघाली, तेव्हा तिथलंही प्रशिक्षण एकच वर्षाचं होतं. त्या मुली वर्षभर रुग्णालयातच राहून राबायच्या, हे सांगायची गरज नाही.

९. नोकरीसाठी छोटं नर्सिंग होम गाठा. नोंदणी क्रमांक विचारायची पद्धत सगळीकडे नसते. ड्रेस चढवला की तुम्ही सिस्टर. शेजारी चार वर्षं शिकलेली मुलगी तुमच्याच पगारात तुमचीच नाइट करताना दिसेल. तिच्यापुढे फीचा विषय काढू नका, तिचं शैक्षणिक कर्ज अजून चालू आहे.

१०. हाच मार्ग धरून एम.एस्सी. उरका, म्हणजे तुमचंच कॉलेज तुम्हाला प्राध्यापक म्हणून कागदावर घेईल. रोज जायचं नसतं. फक्त तपासणीच्या दिवशी इस्त्रीची साडी नेसून नऊच्या आत हजर राहा. येताना शेजारच्या काकूंना पोटदुखीसाठी सोबत आणलंत, तर त्यांचे चहा-पोहे कॉलेजकडून, खाट रिकामी असतेच.