काकूंची झारा

अहो, ऐकलंत का? वरच्या काकूंनी झारा बसवली! नाही हो, तळणाचा झारा नव्हे. काकांचाही तोच घोळ झाला. जेवताना काकू म्हणाल्या, "आज झारा बसवतेय," तर काका म्हणतात, "त्यात काय, एक खिळा ठोकला की झालं!"

झारा म्हणजे लिनक्स मिंट, ते विंडोजऐवजी लॅपटॉपवर बसवतात ना, ते. त्याच्या दर आवृत्तीला बाईचं नाव ठेवतात, अक्षरांच्या क्रमानं, आणि शेवट कायम 'आ'नं. 2012ला माया, 2018ला तारा, 2021ला उमा... आपल्या भिशीतल्याच वाटतात की नाही? ही झारा 2025च्या सप्टेंबरातली.

तर काय सांगत होते... त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला तो विंडोज 10चा सपोर्ट नाही का संपला! दुकानदार म्हणाला, या लॅपटॉपवर 11 चढत नाही, नवा घ्या. लेक म्हणाला, मी पैसे देतो. आणि काकू? तोंडातून अक्षर नाही. कुणाच्याशा नातवाकडून पेनड्राइव्ह भरून आणला आणि आठ दिवस त्याच्यावरूनच चालवून बघितलं. आतल्या डिस्कला हात नाही. बंद केलं की पाटी कोरी. स्थळ बघतात ना, तसं!

पण वायफाय काही लागेना. टेलिग्रामवर लिनक्सच्या मदतवाल्या पोरांचा ग्रुप आहे, तिथं लिहिलं, "वायफाय चालत नाही, कृपया मदत करा." पलीकडून काय, "ब्रो, लॅपटॉप कुठला? चिप कुठली?" अडुसष्ट वर्षांच्या बाईला ब्रो! तोंड एवढंसं झालं हो. "मी मदत मागितली, हा उलटतपासणी घेतोय," मला जिन्यात म्हणाल्या. मी म्हटलं, डॉक्टरकडे तरी नुसतं 'दुखतंय' म्हणून भागतं का?

मग त्या ब्रोवाल्यानं मशीनची यादी काढायची कमांड दिली. काकूंनी कालनिर्णयच्या मागे, दुधाच्या खाड्यांखाली उतरवून घेतली: आयएनएक्सआय, जागा सोडून डॅश, मोठी एफ, लहान एक्स, लहान झेड. झेडनं म्हणे मशीनचे खासगी नंबर झाकले जातात, मग चारचौघांत दाखवायला हरकत नाही. मला तर बाई हे फारच आवडलं. पदर सावरून बाहेर पडल्यासारखं!

ती यादी बघून त्यानं चिप ओळखली. आधी झारा नीट बसवा, मग मोबाइल केबलनं जोडून त्याचं नेट द्या, ड्रायव्हर मॅनेजर उघडा, ड्रायव्हर टाका, रीस्टार्ट. लागलं की हो वायफाय!

रविवारी लेकाचा व्हिडिओ कॉल. "आई, कुणी करून दिलं?" "मीच." असा चेहरा उतरला त्याचा... नवा लॅपटॉप आधीच मागवून बसला होता ना! आता परत करायचाय.

आणि काल त्या ग्रुपवर कुणीसं लिहिलं, "चालत नाही, हेल्प." काकूंनीच विचारलं, "मशीन कुठलं, बाळा?"

बरं, पेनड्राइव्ह आत्ता माझ्याकडे आहे. तुमचा जुना लॅपटॉप माळ्यावर असेल तर काढा. फक्त फोटो आधी दुसरीकडे उतरवून घ्या, काकूंनी दोनदा बजावलंय.