जपानभाऊ

क्रिकेटचा चाहता होण्यात एक तोटा आहे. गावात सगळेच तज्ज्ञ असतात आणि तुमचं कोणी ऐकून घेत नाही. म्हणून काही हुशार माणसं लांबचं काहीतरी धरतात. कोणी ब्रिटनच्या पोटनिवडणुकांवर नजर ठेवतो, कोणी आइसलंडच्या ज्वालामुखीवर. आमच्या मावल्याच्या वाट्याला जपानभाऊ आले. एका जिनिंगच्या धर्मकाट्यावर ते बसतात आणि उत्सुनोमिया ब्रेक्स या जपानी बास्केटबॉल संघाचे ते निस्सीम भक्त आहेत. आदिलाबाद जिल्ह्यात त्यांना या विषयात प्रतिस्पर्धी नाही. खरं तर श्रोताही नाही, पण काट्यावर रांगेत उभ्या गाडीवाल्याला जायला जागा नसते.

कापसाचा हंगाम आणि जपानच्या बी लीगचा हंगाम, दोन्ही ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतात. घोळ इथेच आहे. तिकडचा संध्याकाळी सातचा सामना इकडे दुपारी साडेतीनला लागतो, नेमका गाड्यांच्या गर्दीच्या वेळी. सामना दिसत नाहीच, मोबाइलवर नुसते आकडे सरकतात. पण आकड्यांकडे टक लावून बसणं हाच ज्याचा धंदा, त्याला आणखी काय हवं?

"भाऊ, वजन किती भरलं?"

"थांब बाप्पा. चौथा क्वार्टर हाय, दोन पॉइंटनं मागं हाय आपन."

'आपन' म्हणजे कोण, हे त्या शेतकऱ्याला कळत नाही. कापूस खरेदी करणाऱ्या सीसीआयनं ओलावा आठ टक्क्यांच्या वर दाखवला तर भाव कापतील, या काळजीत तो बिचारा असतो. भाऊंच्या तोंडीही टक्केवारीच असते, पण फ्री थ्रोची.

एक मात्र कबूल करायला हवं. इथे त्यांना खोटं पाडणारं कोणी नसताना भाऊ कधी फेकत नाहीत. काट्यावरचा माणूस किलोसुद्धा इकडचा तिकडे करत नाही, तसा इतिहासही नाही. संघ 2007 मध्ये लिंक तोचिगी ब्रेक्स या नावानं उभा राहिला. 2008 मध्ये युता ताबुसे आला. हा 2004 मध्ये फीनिक्स सन्सकडून एनबीएत खेळलेला पहिला जपानी.

"किती मॅच खेळला तिथं?" असं कोणी विचारलं तर दुसरा भक्त विषय बदलेल. भाऊ सरळ सांगतात, "चार." उंचीचंही तेच.

"साडेपाच फूट म्हना नं, भाऊ."

"काहून म्हनू? एकशे त्र्याहत्तर सेंटीमीटर हाय."

2009-10 मध्ये ब्रेक्सनं जेबीएल ही तेव्हाची लीग जिंकली. त्यानंतरची हकीकत भाऊ आवाज खाली आणून सांगतात. जपानमध्ये दोन लीग, दोघींचं एकमेकींशी पटेना. शेवटी 2014 मध्ये जागतिक संघटनेनं देशालाच निलंबित केलं. मग जपानी फुटबॉलला वळण लावणारे साबुरो कावाबुची आले, दोन्ही बाजूंना एका टेबलाशी बसवलं, आणि 22 सप्टेंबर 2016 ला बी लीग सुरू झाली. पुढे 11 ऑक्टोबरला दसऱ्याच्या दिवशी तेलंगणात नवे जिल्हे झाले, आदिलाबादचे चार तुकडे पडले आणि मावला मंडल जन्माला आलं. तिकडे दोनाचं एक, इकडे एकाचे चार, आणि तेही तीन आठवड्यांच्या आत. ही सांगड भाऊ तहसील कार्यालयातही ऐकवून आले आहेत. त्यांचा दाखला त्या दिवशी लवकर मिळाला म्हणतात. बी लीगचं पहिलं अजिंक्यपद ब्रेक्सचं, अंतिम सामन्यात कावासाकीविरुद्ध 85-79.

पुण्याच्या पाहुण्यांनी एकदा खोचून विचारलं, "बास्केटबॉलात आपला पुणे पेशवाज होता की, त्याला का नाही धरलं?" भाऊ म्हणाले, "ते लीग 2015 ला आली अन् 2017 नंतर दिसली नाही. हैदराबाद स्काय बी तिच्यातच गेला. भक्ती कोनाची करू, बोर्डाची?" अमज्योत सिंग आणि अमृतपाल सिंग हे दोन पंजाबी गडी टोकियो एक्सलन्सकडून खेळून आले, हे त्यांना पाठ आहे. पण त्याचा अभिमान बाळगताना ते जरा हात आखडता घेतात, कारण तो संघ वरच्या गटात नव्हता.

विरोधक नसलेल्या माणसाचं दुःख मोठं असतं. जिंकलो तर चिडवायचं कोणाला? भाऊंनी यावर जो उपाय काढला त्याला तोड नाही. त्यांनी भाच्याला ओकिनावाच्या र्यूक्यू गोल्डन किंग्जचा चाहता नेमलं. नेमलं म्हणजे अक्षरशः नेमलं, मोबाइलच्या रिचार्जसकट. 2022 च्या अंतिम फेरीत ब्रेक्सनं र्यूक्यूला 2-0 नं हरवलं तेव्हा भाऊंनी भाच्याला आठवडाभर पिडलं आणि मामीनं दोघांनाही जेवायला उशिरा वाढलं.

पण भाऊ पडले काट्याचे. शिकवताना त्यांनी र्यूक्यूचं मापही पूर्ण घातलं. जुन्या बीजे लीगची चार विजेतेपदं, 2021 चं ओकिनावाचं नवं क्रीडागृह, सगळं. पोरगा खराच भक्त झाला! 2023 मध्ये र्यूक्यू अजिंक्य ठरला आणि भाच्यानं जिनिंगच्या फाटकासमोर लड लावली. भाऊ त्या दिवशी नुसती वजनं लिहीत बसले.

त्याच वर्षी विश्वचषकात जपाननं व्हेनेझुएलाला 86-77 नं हरवलं. ब्रेक्सच्या माकोतो हिएजिमानं 23 गुण केले. देशाचा सामना म्हणून मामा-भाचे पुन्हा एका खाटेवर बसले. तह पंधरा मिनिटं टिकला.

"मामा, मॅच आमच्या ओकिनावात झाली."

"खेळाडू आमचा व्हता."

मामी स्वयंपाकघरातून म्हणाली, "तुमच्या दोघायचं जपानात घर हाय का एखादं?" तिला उत्सुनोमियातलं एवढंच ठाऊक आहे की तिथले ग्योझा प्रसिद्ध आहेत. तिनं एकदा चित्र पाहून सांगितलं, ही तर आपली करंजी, फक्त यात खोबरं नाही. भाऊंना ते फारसं रुचलं नाही.

फेब्रुवारी 2025 मध्ये ब्रेक्सचे प्रशिक्षक केव्हिन ब्रॅसवेल वारले. त्या दिवशी भाऊंनी एकाही गाडीवाल्याला स्कोअर सांगितला नाही, आणि गाडीवाल्यांनाही ते चुकल्यासारखं वाटलं. भाच्यानं स्वतःहून मामाला चहा आणून दिला. मग झिको कोरोनेल यांनी संघ हाती घेतला, आणि मे महिन्यात ब्रेक्स तिसऱ्यांदा बी लीगचा विजेता झाला. समोर पुन्हा र्यूक्यूच, 2-1. चहाची उतराई म्हणून भाऊंनी भाच्याला फक्त तीन दिवस पिडलं.

भाच्याचं म्हणणं असं की सलग चार वर्षं अंतिम फेरी गाठणाऱ्या संघाला हरलेला म्हणत नाहीत. मुद्दा बिनतोड आहे, आणि त्याला तो मामांनीच शिकवला आहे.

हैदराबाद-नागपूर महामार्गानं कधी आलात तर मावल्याला थांबा. भाऊ चहा पाजतील, ताबुसेच्या चार सामन्यांची हकीकत सांगतील. निघायची घाई असेल तर मात्र र्यूक्यूचं नाव काढू नका, कारण भाचा हल्ली तिथेच, शेजारच्या खुर्चीवर बसतो.